पडलास? आधी हेल्मेट बघ, मग हँगर

जांबोटी रस्त्यावर सायकलवरून पडलास, कळलं. खरचटलेलं साबण-पाण्याने नीट धू. डोकं आपटलं असेल तर हेल्मेट नवीनच घे रे. वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोलसारखा थर चेपलेला असू शकतो.

सायकल उजव्या अंगावर पडली ना? मग मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा उजवीकडचा भाग, ज्याला लटकतो तो हँगर वाकला असणार. मागे उभा राहून बघ, डिरेलर चाकाला समांतर हवा. तो आत झुकलेला असताना चढाला सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाकलास की थेट स्पोकमध्ये शिरतो. राजहंसगडाच्या चढावर माझे तीन स्पोक असेच तुटले, येळ्ळूरपर्यंत ढकलत आलो. हँगर बहुतेक मॉडेलचा वेगळा, म्हणून एक जास्तीचा पिशवीत ठेवच.