हत्तीची सोंड आणि तांदळाचा डबा

प्रश्न : आग्र्याहून आणलेला जाळीदार दगडी हत्ती आहे, पोटात दुसरा छोटा हत्ती असलेला. दिवाळीच्या साफसफाईत त्याची सोंड मुळापासून तुटली. झटपट चिकटणारा गोंद लावला, महिनाभर टिकली आणि फडक्याच्या धक्क्याने पुन्हा हातात आली. आता काय करू? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, आधी हत्तीच्या तळाला नखाने ओरखडा काढून बघा. उमटला तर तो संगमरवर नव्हे, शंखजिऱ्याचा मऊ दगड. जाळीचे हत्ती बहुतेक त्याचेच असतात. म्हणून जुना गोंद ब्लेडने खरवडू नका. गोंदाबरोबर दगडही जाईल आणि सांधा कधीच नीट बसणार नाही. नेलपॉलिश रिमूव्हर आणा, पण बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलेलं आणि बिनरंगाचं. कापूस भिजवून दोन्ही तुटक्या तोंडांवर ठेवा, गोंद मऊ झाला की जुन्या दातघासणीने काढा. हे तीनचारदा करावं लागेल. खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद. मग एक दिवस वाळू द्या.

झटपट गोंद ठिसूळ असतो, धक्का सोसत नाही. इथे अ‍ॅराल्डाइट, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद, हवं, तेही पाच मिनिटांवालं नको, सावकाश धरणारं. दोन्ही ट्यूबमधून सारखंच घ्या, फुटक्या टाइलवर काडीने चांगलं घोटा. एकाच तोंडावर पातळ हात द्या. जास्त लावलंत तर ओघळ जाळीतून आत जाईल आणि छोटा हत्ती जन्माचा चिकटेल.

आता खरी गंमत धरून ठेवण्यात आहे. सोंडेला ना दोरी बांधता येते ना चिमटा लागतो. हत्ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात शेपटीकडून खोचा, तुटलेलं तोंड बरोबर वर, आडवं यायला हवं. सोंड आपल्याच वजनाने बसली पाहिजे. हे आधी कोरडंच करून बघा, मग गोंद. चोवीस तास डब्याला हात लावू नका. त्या दिवशीचे तांदूळ आधीच काढून ठेवा.

बाहेर आलेला गोंद ओला असताना पुसायचा मोह होईल. पुसू नका. काही तासांनी तो रबरासारखा झाला की डबा न हलवता ब्लेडच्या टोकाने अलगद उचला. मी एकदा पुसला होता. आमच्या दगडी कासवाच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचा पिवळट ठसा अजून आहे, आणि पाहुणे आले की सौ. तो आवर्जून दाखवते.

कडेचा टवका उडाला असेल तर उरलेल्या अ‍ॅराल्डाइटमध्ये पांढरी रांगोळी मिसळून भरा. रांगोळी दगडाचीच पूड, रंग बऱ्यापैकी जुळतो. हत्ती उन्हाच्या खिडकीत नको, सांधा पिवळा पडेल. आणि पुढच्या दिवाळीत उचलताना पोटाखालून उचला, सोंडेला धरून नाही.