मॉस्फेट तापतात तेव्हा आधी बॅटरीचे व्होल्टेज पाहावे

ऐरोलीच्या घराच्या गच्चीवरील १ किलोवॅट पॅनेलांसाठी आपण १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा पुश-पुल (दोन बाजूंचे मॉस्फेट आळीपाळीने चालू होणारा) इन्व्हर्टर बांधला आहे, आणि ७०० वॅटच्या पुढे मॉस्फेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, तापतात म्हणून अधिक महाग मॉस्फेट घ्यावेत का, असे विचारले आहे. माझ्या मते मॉस्फेटआधी बॅटरीचे व्होल्टेज बदलावे.

१,००० वॅटला १२ व्होल्टवर ८३ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. ४८ व्होल्टवर तो २१ अँपिअरच्या आसपास राहतो. वायर, जोड आणि मॉस्फेट मिळून ५ मिलिओहम रोध धरला, तर पहिल्या मांडणीत सुमारे ३५ वॅट आणि दुसरीत जेमतेम २ वॅट उष्णतेत जातात, कारण हा तोटा प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वागळे इस्टेटमधील माझ्या वर्कशॉपमध्ये तापण्याची तक्रार घेऊन आलेल्या इन्व्हर्टरचे मी सर्वप्रथम बॅटरीच्या जोडांवरील व्होल्टेज-ड्रॉप (जोडात वाया जाणारे व्होल्टेज) मोजतो. आपल्याकडच्या दमट हवेत ते जोड पुष्कळदा गंजलेले निघतात.

४८ व्होल्टवर मात्र पुश-पुल सोडून फुल ब्रिज, म्हणजे चार मॉस्फेट जोडी-जोडीने चालू होणारी मांडणी, घ्यावा. पुश-पुलमध्ये बंद मॉस्फेटवर पुरवठ्याच्या दुप्पट व्होल्टेज येते. चार्ज होताना बॅटरी ५८ व्होल्टच्या आसपास जाते, म्हणजे सुमारे ११६ व्होल्ट आणि वर लीकेज इंडक्टन्सचे (ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांतील अपुऱ्या जोडणीमुळे येणारे) क्षणिक स्पाइक, म्हणून २०० व्होल्टचे मॉस्फेट लागतात, आणि व्होल्टेज-क्षमता वाढली की त्याच आकाराच्या मॉस्फेटचा चालू स्थितीतील रोधही बराच वाढतो. फुल ब्रिजमध्ये मॉस्फेटवर पुरवठ्याइतकेच व्होल्टेज येते, म्हणून १०० व्होल्टचे पुरतात. पुश-पुलमध्ये प्रवाहाच्या वाटेत एकच मॉस्फेट (फुल ब्रिजमध्ये दोन) येत असल्याने आपली मूळ निवड त्या व्होल्टेजला योग्यच होती. बदल करताना चार्ज कंट्रोलरही (पॅनेलकडून बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारे उपकरण) ४८ व्होल्टचा लागेल आणि सिरीजमधील चारही बॅटऱ्या एकाच वयाच्या असाव्यात.

२३० व्होल्ट एसीचे शिखर ३२५ व्होल्ट असते, म्हणून बॅटरीचे व्होल्टेज वाढवणाऱ्या फेराइट ट्रान्सफॉर्मरनंतर सुमारे ३८० व्होल्ट डीसी ठेवावे. या डीसीचे एसी करणाऱ्या पुढच्या ब्रिजची एक बाजू २० किलोहर्ट्झवर आणि दुसरी केवळ ५० हर्ट्झवर चालवली, तर स्विचिंगचा तोटा जवळपास निम्मा होतो. डेड टाइम (एक मॉस्फेट बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतचा अवधी) गरजेपुरताच असावा; तो वाढला की तरंग बिघडतो, फार कमी झाला की वरचा आणि खालचा मॉस्फेट एकदम चालू होऊन दोन्ही जळतात.

इन्व्हर्टर भाराशिवाय रिकामा चालताना होणारा विजेचा खर्च मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेकांचे नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. तो २० वॅट असला तरी दिवसाला ४८० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ अर्धे युनिट जाते. १ किलोवॅट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देते, आणि पावसाळ्यात ते पुष्कळ कमी होते. म्हणून भार नसताना ब्रिज थांबवून ठरावीक अंतराने भार तपासणारे सर्किट अवश्य जोडा.

३८० व्होल्टच्या कपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर (साठलेला चार्ज हळूहळू उतरवणारा रोधक) लावा, आणि बॅटरी काढल्यानंतरही मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री केल्याखेरीज बोर्डाला हात लावू नका.