‘चावते का हो?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर आहे. सोसायटीत आणि टेकडीवर फिरवताना येणारा-जाणारा न विचारता तिच्या डोक्यावर हात ठेवतो. पूर्वी सहन करायची, आता मागे सरकते, आणि परवा लिफ्टमध्ये एका काकांवर गुरगुरली. लोकांना न दुखावता हे थांबवायचं कसं?

आधी गुरगुरण्याचं बोलू. त्यावरून तिला ओरडत असाल तर ते आजच बंद करा. गुरगुरणं म्हणजे ‘आता बास’. ते दाबलं की कुत्र्याची भीती जात नाही, सूचना देणं तेवढं जातं, आणि पुढच्या वेळी थेट दात लागतात. त्याच्या कितीतरी आधीपासून ती सांगत असणार: खाणं समोर नसताना नाक चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं (तेव्हा बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते), कान मागे चिकटणं. सगळ्यात नेमकी खूण म्हणजे धापा टाकत उघडं असलेलं तोंड एकदम मिटतं आणि अंग ताठ होतं. त्या क्षणी तिथून निघायचं, काकांचं वाक्य पुरं व्हायची वाट बघायची नाही. ‘शेपूट हलवतेय, म्हणजे आवडतंय’ यावर विसंबू नका. उंच, ताठ शेपूट भराभर हलते तीही तणावाची असू शकते.

आता माणसांकडे येऊ. आपल्याकडे अनोळखी माणूस कुत्र्याजवळ येताना एकच प्रश्न विचारतो: ‘चावते का हो?’ आणि आपण सवयीने म्हणतो, ‘नाही, नाही, काही करत नाही.’ झालं! आपल्या लेखी ही माहिती असते, त्याच्या लेखी परवानगी. तुमचं ‘नाही’ पुरं व्हायच्या आत हात डोक्यावर असतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर बदला: ‘हात लावू देत नाही.’ चावते की नाही हे त्यात नाही, पण पुढे काय करायचं नाही हे स्पष्ट आहे. चालता चालता, चेहरा हसरा ठेवून, न थांबता म्हणायचं. ‘हो, चावते’ असं गमतीतही म्हणू नका. सोसायटीत ते वाक्य तासाभरात कमिटीपर्यंत पोचतं, आणि उद्या खरंच ओरखडा निघाला तर ‘तुम्हाला माहीत होतं’ हे तुमच्याच तोंडचं ठरतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 हे पाळीव प्राण्याबाबत जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने पुरेशी काळजी न घेण्याबद्दल आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

‘ट्रेनिंग चालू आहे, हात लावू नका’ हेही चांगलं चालतं, कारण ट्रेनिंग या शब्दाला लोक मान देतात. ‘घाबरट आहे’ मात्र सांगू नका. ते ऐकून निम्मी माणसं ‘अरे घाबरतेस काय, ये ये’ म्हणत आणखी जवळ येतात. ‘मानेवर गोचिडांचं औषध टाकलंय’ हे तर रामबाण, हात हवेतच थांबतो. औषध टाकलेल्या दिवशी ते खरंही असतं, कारण वाळेपर्यंत तिथे हात लावायचा नसतोच. रोज तेच सांगितलंत तर लोकांना संशय येईल, आणि ‘खरूज आहे’ पर्यंत मजल नेलीत तर लिफ्टच वेगळी मागतील.

बोलण्याइतकंच उभं राहणंही महत्त्वाचं आहे. समोरून कुणी डोळे मोठे करून, ‘च्यक च्यक’ करत, कंबरेत वाकून येताना दिसलं की दहा-बारा फुटांवरच हालचाल करा. कुत्री तुमच्या डावीकडे असेल तर माणूस उजवीकडून जाईल अशी बाजू घ्या, म्हणजे मध्ये तुम्ही असाल. तरीही तो वळला तर एक पाऊल टाकून त्याच्या आणि तिच्यामध्ये या, मोकळा हात कंबरेच्या उंचीवर, पंजा त्याच्याकडे. वाहतूक पोलिसासारखा ताठ नको, ‘थांबा हं’ एवढाच. पुढे आलेला हात तुमच्या हातापाशी अडतो, डोक्यापर्यंत जात नाही.

यात हमखास होणारी चूक म्हणजे माणूस दिसताच दोरी ताणणं. दोरी ताणली की मान वर उचलली जाते, छाती पुढे येते, समोरच्याला ती अंगावर येतेय असं वाटतं आणि तिला कळतं की माणूस आला की गळा आवळतो. पाच-सहा फुटांची साधी दोरी घ्या, माणूस जवळ आला की हाताशी तीन फुटांवर धरा, पण हुकपाशी दोरीला थोडा झोळ राहू द्या. गुंडाळली जाणारी लांबच लांब दोरी या कामाला वाईट. कुत्री पंधरा फूट पुढे, लोक तिच्याभोवती, तुम्ही मागून ओरडताय.

तिला दोन गोष्टी शिकवा. पहिली ‘चल’, म्हणजे जागच्या जागी उलट वळून माझ्यासोबत. घरात, कुणी नसताना, ‘चल’ म्हणा, वळा, तीन पावलं चाला, तुमच्या पायापाशी आली की खाऊ द्या. एका वेळी पाच-सहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्याभराने जिन्यात, मग रिकाम्या पार्किंगमध्ये, मग लोक असतील तिथे लांबून. थेट गर्दीत सुरू केलंत तर ‘चल’ हा शब्द वाया जातो, ती ऐकेनाशी होते. दुसरी ‘मागे’, म्हणजे माझ्या पायामागे येऊन उभी राहा. हातात खाऊ धरून पायाला वळसा देत मागे न्या, तिथे पोचली की तिथेच तीन-चार तुकडे एकामागून एक द्या, म्हणजे मागची जागा तिला फायद्याची वाटेल. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढा: उकडलेल्या बिनमसाल्याच्या चिकनचे किंवा पनीरचे तुकडे. कंबरेच्या पिशवीत वीस-पंचवीस ठेवा आणि तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करा. रिट्रीव्हर लवकर सुटतात.

वेळच मिळाला नाही, माणूस अंगावरच आला, तर चार तुकडे जमिनीवर तुमच्या पायाच्या मागे फेका. नाक खाली जातं, तोंड माणसापासून वळतं आणि तुम्हाला बोलायला पाच-सात सेकंद मिळतात. फक्त शेजारी दुसरं कुत्रं नाही ना, ते आधी बघा.

लिफ्ट ही सगळ्यात अवघड जागा, कारण तिथून निघून जाता येत नाही. दार उघडण्याची वाट बघताना दारासमोर उभे राहू नका. आतून पोरं सुसाट बाहेर येतात. पाच-सहा फूट बाजूला भिंतीशी थांबा. आत कुणी असेल तर ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो’ म्हणा, पुढचा एखादा महिना तरी हा नियम पाळाच. मधल्या मजल्यावर कुणी शिरलंच तर मागचा कोपरा धरा, ती भिंत आणि तुमचा पाय यांच्यामध्ये, तोंड कोपऱ्याकडे, आणि मजला येईपर्यंत गुडघ्याच्या उंचीवरून एकेक तुकडा. काका-काकूंना बोलायचं असेल तर तुमच्याशी बोलू दे. ज्या काकांवर ती गुरगुरली त्यांना एकदा लिफ्टबाहेर भेटून सांगा की डोक्यावर वरून हात आला की तिला तो दिसेनासा होतो, म्हणून दचकते. बहुतेक वेळा पुढे तेच इतरांना थांबवायला लागतात.

मुलांना ‘नाही’ म्हणून भागत नाही, त्यांना काम द्यावं लागतं. ‘तू झाड हो, हात फांद्यांसारखे अंगाशी, आता बघ ती कशी बसते.’ तुम्ही तिला बसवा, खाऊ द्या, मुलाने टाळ्या न वाजवता ‘शाब्बास’ म्हणायचं. खेळ झाला, हात लागला नाही. आईबाबा कौतुकाने ‘जा, भूभूला पापी दे’ म्हणत असतील तर मात्र हसू नका. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतो आणि चावा तिथेच बसतो. ‘ताई, मुलाला मागे घ्या’ एवढंच, लगेच. ‘आमच्याकडेही होता हो, मला सवय आहे’ म्हणणाऱ्यांना ‘मग तुम्हाला कळेलच, आत्ता तिला नकोय’ हे वाक्य बरोबर लागू पडतं. बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्यांना ‘पोट बिघडलंय’ सांगून मोकळे व्हा.

हार्नेसवर पट्टी लावणार असाल तर देवनागरीत ‘हात लावू नका’, दोन्ही बाजूंना, अक्षरं दीड-दोन इंच उंच. बाजारात मिळणाऱ्या बारीक इंग्रजी पट्ट्या वाचायला माणसाला वाकावं लागतं, म्हणजे तो आलाच. परदेशात काही ठिकाणी दोरीला पिवळी फीत बांधतात, ‘हिला अंतर द्या’ या अर्थाने. आपल्याकडे ती दिसली की लोक ‘किती छान नटवलीय’ म्हणून जवळ येतील.

तोंडाला जाळीदार मुसकं हा खात्रीचा उपाय आहे. ते पाहून हात पुढे येतच नाही. पण कापडी, तोंड घट्ट मिटणारं मुसकं फिरायला कधीच नको. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं, आणि आपल्या उन्हात तोंड बांधलेलं कुत्रं उष्माघाताने जाऊ शकतं. जाळीतून पूर्ण तोंड उघडून पाणी पिता आलं पाहिजे. पहिल्या दिवशी बांधू नका. आत दही लावा, नाक स्वतःहून घालू दे, दहा-बारा दिवसांत पट्टा लावण्यापर्यंत या. बळजबरीने चढवलं की पंजांनी ओरबाडून काढते आणि पुन्हा जवळ येऊ देत नाही.

एवढं करूनही दात किंवा नख लागलं तर वाद घालत उभे राहू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायला लावा. हळद, चुना, तिखट काही नको. त्या माणसाने त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कुत्रीचं लसीकरण झालेलं असलं तरी. तिच्या रेबीज लसीच्या कार्डाचा आणि महापालिकेच्या परवान्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, तिथेच दाखवता येतो.

आणि अचानक दोन वर्षांनी हे सुरू झालंय, तर एकदा पशुवैद्याकडून कान आणि मागचे खुबे तपासून घ्या. रिट्रीव्हरला कानाचा संसर्ग आणि खुब्याचं दुखणं सर्रास होतं, आणि दुखऱ्या कानाजवळ आलेला हात कुणालाच नको असतो.

तिला आवडणारी चार-दोन माणसं असतीलच. त्यांना सांगा: वाकायचं नाही, बाजूने उभं राहायचं, हात आपल्याच मांडीशी. ती येऊन टेकली तर छातीवर तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. परत अंग घासलं तर पुन्हा तीन सेकंद. अंग झटकून वळली, तर तेवढ्यावर थांबायचं.