परदेशातल्या लग्नाला पहिल्यांदा जाताना
पहिल्यांदाच जातेयस ना, मग तिकिटाच्या आधी पासपोर्ट काढून एक्स्पायरीची तारीख बघ, कारण बरेच देश किमान 6 महिने व्हॅलिडिटी मागतात आणि हे नेमकं शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं. व्हिसाचंही तसंच, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालणारा, असेल तर 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि 30,000 युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स लागतो, तर उगाच थांबू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लग्नात घालायचे कपडे चेक-इन बॅगेत टाकू नकोस गं, प्लीज. माझी बॅग एकदा कनेक्टिंग फ्लाइटला मागे राहिली, आली ती लग्न लागून गेल्यावर, आणि प्रवासातल्या चुरगळलेल्या कपड्यांतच मी सगळ्या फोटोंत उभी आहे, अजून वाईट वाटतं. तेव्हापासून एक पूर्ण जोड, दागिने, औषधं केबिन बॅगेतच. पॉवर बँकही तिथेच, परफ्यूमची बाटली मात्र 100 मिलीच्या वर नको.

आणि दोन दिवस आधी पोच, आदल्या रात्री नाही. खोली यजमानांनी ब्लॉक केलेल्या हॉटेलातच घे, रात्री उशिरा परतताना सोबत असते, फक्त कॅन्सलेशनची शेवटची तारीख आधी विचारून ठेव.