तासाभराच्या आतलं रान

प्रिय मुली,

शिकारीसाठी अमेरिकेत कुठल्या राज्यात राहायला जावं याचा तुझा तक्ता मिळाला. सहा राज्यं, प्रत्येकाला गुण, खाली बेरीज. कोलोरॅडो पहिलं, मग वायोमिंग, मोंटाना, आयडाहो, अलास्का आणि तळाला तू आत्ता राहतेस ते टेक्सास. सगळे रकाने वाचले. एल्कची, म्हणजे सांबराहून थोराड त्या हरणांची संख्या, शिकार साधणाऱ्यांची टक्केवारी, टॅगची (एका जनावराच्या परवान्याची) फी, ड्रॉमध्ये, म्हणजे परवान्यांच्या सोडतीत, नाव निघण्याची शक्यता, घरभाडं, विमानतळ, भारतीय किराणा. एक रकाना मात्र कुठेच सापडला नाही: घराचं दार ओढून घेतल्यापासून रानात पाय ठेवेपर्यंत किती वेळ लागतो?

हा रकाना घाल आणि बाकीचे त्याच्यानंतर मांड. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि पत्र संपेपर्यंत मी तेच म्हणत राहणार आहे. तासाभराच्या आत. कामाच्या दिवशी, काम संपल्यावर, अंधार पडायच्या आत जिथे पोहोचता येतं तेच तुझं रान. त्यापलीकडचं रान सुट्टीत जाऊन बघायचं.

कोलोरॅडोत एल्क सगळ्यात जास्त, अडीच लाखांच्या वर, हे बरोबर आहे. पण तू घर बघतेयस डेन्व्हरच्या उपनगरात, कारण तिथे तुझ्या ओळखीचे लोक आहेत. शुक्रवारी संध्याकाळी तिथून डोंगराकडे निघालेल्या आय-७० महामार्गावर तू कधी अडकली आहेस का? एवढे एल्क चार तासांच्या पलीकडे असले तर तुझ्या मंगळवारच्या संध्याकाळी त्यांचा काय उपयोग? तेच कोलोरॅडो तू गनिसन किंवा क्रेगमध्ये राहून निवडलंस तर मी आडवा येणार नाही. म्हणून म्हणतो, राज्य निवडू नकोस. आधी गाव निवड. राज्य त्याच्या मागोमाग येतं.

आता घड्याळाचं गणित, कारण ते तू केलेलं दिसत नाही. तुझी कंपनी डॅलसची, काम घरून. डॅलसचे पाच म्हणजे मोंटानासारख्या डोंगरी राज्यांच्या घड्याळात, माउंटन टाइममध्ये, चार. सप्टेंबरच्या मध्यात मोंटानात सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर अर्धा तास कायद्याने शिकार चालते. चारला लॅपटॉप बंद, पाचला गाडी पायवाटेच्या तोंडाशी, हातात पुरते तीन तास. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारासच सूर्य जातो. मग संध्याकाळ विसरायची आणि पहाट धरायची, त्यासाठी साहेबाकडून आठवड्यातले दोन दिवस उशिरा सुरू करायची परवानगी आत्ताच लेखी घेऊन ठेव. हेच पश्चिम किनाऱ्याच्या कंपनीत असतीस तर मीटिंगा सहापर्यंत चालल्या असत्या आणि हे पत्र मी वेगळं लिहिलं असतं.

तू म्हणशील, वर्षातून दहा दिवस रजा काढून चांगल्या युनिटमध्ये, शिकारीसाठी आखलेल्या एखाद्या नामी भागात, गेलं तर काय वाईट? अगं, मी तेच करत होतो. न्यू जर्सीत राहत होतो. तिथे हरणासाठी रायफल चालत नाही, शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक) नाहीतर धनुष्य. म्हणून दरवर्षी रजा साठवून पश्चिमेला यायचो. पहिले दोन दिवस उंचीची सवय होण्यात जायचे. पुढचे दोन कळप कुठे आहे ते शोधण्यात. कुठे जरा रानाची उकल व्हायला लागली की परतीचं विमान. पुढच्या वर्षी ड्रॉमध्ये दुसरंच युनिट निघायचं आणि पाटी पुन्हा कोरी. पायांत जोर होता, डोळे चांगले होते, ती सगळी वर्षं मी अनोळखी डोंगरांवर पाहुण्यासारखी घालवली. त्याची हळहळ अजून आहे, आणि तुझ्या तक्त्यात मला तीच वर्षं दिसली म्हणून आवाज चढतोय. राग मानू नकोस.

आता मी जिथे राहतो, मोंटानातल्या हेलेनात, तिथून चाळीस मिनिटांवर एक घळ आहे. प्रसिद्ध नाही. शेजारचे एल्कहॉर्न डोंगर प्रसिद्ध आहेत, तिथल्या मोठ्या नराचा परवाना ड्रॉमध्ये निघावा म्हणून लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात. माझ्या घळीसाठी साधं लायसन्स पुरतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर डग्लस फरची दाट झाडी, समोरच्या उतारावर नुसतं गवत. झाडीच्या वरच्या टोकाला एक झरा झिरपतो आणि खाली चिखलाचा डबरा होतो. सप्टेंबरात नर त्यात लोळतात. डबऱ्यातलं पाणी गढूळ असलं तर नुकताच कुणीतरी येऊन गेला, निवळ असलं तर कालचं. काठावरच्या खोडांची साल शिंगांनी सोललेली असते, त्यातून ओघळणारा डिंक बोटाला चिकटतो की सुकलाय, तेवढ्यावरून दिवस कळतो. वास तर असा उग्र, गोठ्यासारखा, की एकदा नाकात बसला की वीस पावलांवरून ओळखता येतो.

हे कुणीही सांगेल. पण त्या घळीत वारा कसा वागतो ते कुणी सांगू शकलं नसतं. दिवसा ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते, हे पुस्तकातलं. माझ्या घळीला पश्चिमेकडे कडा आहे. ऊन त्याच्याआड लवकर जातं, त्यामुळे हवा सूर्यास्ताच्या कितीतरी आधी उलटते. उलटण्याआधी काही वेळ ती कुठेच जात नाही, नुसती घुटमळते, आणि नेमक्या त्या वेळी डबऱ्याच्या खालच्या अंगाला बसलं तरच नर जवळ येईपर्यंत आपला वास त्याला लागत नाही. हे कळायला मला तिथे बंदुकीशिवाय जावं लागलं. मे महिन्यात, जूनमध्ये, पावसात, ऑफिसनंतर तासभर, हातात वाऱ्याची दिशा बघायला टाल्कम पावडरची छोटी बाटली घेऊन. चार तासांवरच्या डोंगरावर कोण जाईल जूनमधल्या बुधवारी पावडर उडवायला?

मांसाचंही बघ. सप्टेंबरात दुपारी चांगलं ऊन असतं. एल्क पडला की कातडं तातडीने काढून मांस थंड करावं लागतं. मागच्या मांडीत, खुब्याच्या सांध्यापाशी, मांस सगळ्यात जाड, तिथली ऊब लवकर निघत नाही आणि हाडालगतचं मांस आधी आंबतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि घरी सुरी घातल्यावर वास येतो. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांसच ऐंशी-नव्वद किलो भरतं, एकटीच्या पाठीवर तीन-चार खेपा. जवळ राहत असलीस तर पहिल्या खेपेनंतर शेजाऱ्याला फोन लावता येतो आणि तो जेवण टाकून येतो. वायोमिंगमधल्या कोडीच्या बाजूला, जिथे ग्रिझली अस्वलं आहेत, तिथे मांस रात्रभर रानात ठेवणं म्हणजे दुसऱ्या दिवशी अस्वलाशी गाठ. सगळं फिरून तिथेच येतं, तासाभराच्या आत.

फीचा रकाना तू मन लावून भरलायस, त्यात जास्त बोलत नाही. मोंटानात रहिवाशाला एल्कचं लायसन्स २० डॉलरला मिळतं, बाहेरच्याला एल्क आणि हरणाचं मिळून हजाराच्या वर पडतं. वायोमिंगमध्ये बाहेरच्याला वाइल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या भागात गाइडशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही, तिथला रहिवासी खुशाल एकटा जातो. आणि दारं मिटत चालली आहेत. कोलोरॅडोने बाहेरच्यांना धनुष्याच्या हंगामासाठी दुकानात थेट मिळणारे एल्कचे टॅग बहुतेक युनिटांत २०२५ पासून बंद करून ड्रॉमध्ये टाकले. आयडाहोनेही २०२६ च्या हंगामापासून बाहेरच्यांसाठी तेच केलं. तेव्हा पाहुणी म्हणून फिरायचे दिवस तसेही सरत आलेत. जिथे जाशील तिथली हो.

तिथली व्हायला लागणारा काळ तुझ्या तक्त्यात चुकलाय, दुरुस्त कर. मोंटानात सलग १८० दिवस. कोलोरॅडो आणि आयडाहोत सहा महिने. वायोमिंगमध्ये पूर्ण वर्ष, अलास्कातही. या काळात टेक्सासचं रहिवासी लायसन्स वापरायचं नाही, मोह झाला तरी. मार्चच्या पहिल्या दिवसांत मोंटानात मुक्काम हलवलास तर सप्टेंबरच्या धनुष्याच्या हंगामाला तू तिथली असशील. एप्रिलच्या १ तारखेला खास परवान्यांच्या अर्जाची मुदत संपते, तोवर मात्र तू बाहेरचीच. पहिल्या वर्षी साध्या लायसन्सवर समाधान मान. धनुष्याचं लायसन्स काढायला बोहंटरचं, म्हणजे धनुष्याने शिकार शिकल्याचं, प्रमाणपत्र लागतं, तो कोर्स डॅलसमध्ये असतानाच उरकून टाक.

तू एच-वन-बीवर आहेस म्हणून दोन गोष्टी. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे आणि त्यातला एक अपवाद म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. ते लायसन्स एक दिवसही संपू देऊ नकोस, नवं हातात आल्याशिवाय जुन्याची मुदत उलटली असं होता कामा नये. दुसरं, तू घरून काम करत असलीस तरी आत्ताच्या कामाच्या जागेपासून रोज ये-जा करता येणार नाही इतकं लांब गेलीस की कंपनीला तुझ्या अर्जात दुरुस्ती दाखल करावी लागते, आणि तीही तू हलायच्या आधी. एचआरला आज लिही. या दोन्ही बाबतींत माझ्यावर न विसंबता वकिलाशी बोल.

वायोमिंगमध्ये साठवलेल्या पॉइंटचं, ड्रॉमध्ये नंबर वर नेणाऱ्या त्या गुणांचं, तू तीनदा लिहिलंस. बुडतील म्हणून जीव अडकलाय. बुडू देत. ज्या युनिटसाठी ते साठवतेस तिथे लागणारे पॉइंट दरवर्षी वर सरकताहेत आणि तू त्यांच्यामागे धावते आहेस. एका नावाजलेल्या युनिटमधल्या एका आठवड्यासाठी उरलेली सगळी वर्षं डॅलसमध्ये काढणार का?

माझे आजोबा मूलकडचे, चंद्रपूरच्या जंगलातले. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. १९७२ चा कायदा आला, बंदूक भिंतीवर गेली. पण रानात जाणं थांबलं नाही. पहाटे उठून त्याच नाल्याने जायचे, सांबराची लेंडी हातात घेऊन रात्री कळप कुठून कुठे गेला ते सांगायचे. ताडोबा त्यांना परकं वाटायचं. त्यांचं रान म्हणजे घरामागचं. मला हे इथे येऊन, इतक्या उशिरा का सुचावं, याचं अजून वाईट वाटतं.

न्यू जर्सी सोडली तेव्हा मला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. पगार जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने उतरला. मुलांच्या शाळेचं काय, म्हणाले. गणपतीत आरतीला पाच माणसं जमतील का, म्हणाले. जमतात. त्यातले दोघे शेजारी आहेत, त्यांना शब्द येत नाहीत, टाळ्या धरतात. पुढे मला डेन्व्हरला मोठी जागा देऊ केली, ती मी घेतली नाही. पेन्शन कमी बसली हे खरं. पण फ्रीझरमध्ये कोणत्या वर्षी काय होतं ते माझ्या मुलीला पाठ आहे, आणि ती घळ तिला माझ्याइतकीच ठाऊक आहे. मी बरोबर केलं. हे मी तुला पटवायला लिहितोय की स्वतःला, असं बायको विचारेल. दोघांनाही.

नकाशाचं एक ध्यानात ठेव. तासाभराच्या आत सार्वजनिक जमीन हिरवी दिसली म्हणजे तिथे जाता येतंच असं नाही. चौकटीचौकटीने सरकारी आणि खाजगी जमीन असते, आणि एका सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यातून दुसऱ्यात पाऊल टाकण्यावरून वायोमिंगात मोठा खटला झाला. २०२५ च्या मार्चमध्ये दहाव्या सर्किटने, म्हणजे तिकडच्या केंद्रीय अपील न्यायालयाने, शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तो वायोमिंग, कोलोरॅडोला लागू. मोंटाना त्या सर्किटमध्ये येत नाही, तिथे कोपरा ओलांडू नकोस. त्याऐवजी ब्लॉक मॅनेजमेंटचे नकाशे बघ, तिथे शेतमालक सरकारशी करार करून सगळ्यांना शिकारीला येऊ देतात.

मोंटानातलं बोझमन खोड, तिथलं भाडं तुझ्या पगाराला झेपणार नाही. मोंटानातलीच ब्यूट आणि हेलेना, आयडाहोतलं सॅमन आणि वायोमिंगचं लँडर ही चार गावं घे. प्रत्येकाभोवती एक तासाचं वर्तुळ काढ, गुगलचा एक तास नको, बर्फातला एक तास. वर्तुळातली सार्वजनिक जमीन, तिथे जाणारा कायदेशीर रस्ता आणि घरातलं इंटरनेट, एवढंच बघ. चारही नकाशे शुक्रवारपर्यंत पाठव. फेब्रुवारीत दोन आठवडे हेलेनाला ये, आमची वरची खोली रिकामी आहे. बूट आधीच घेऊ नकोस, इथे घालून बघून घेऊ.

तुझा,
काका