घर वीस मिनिटांवर, तरी ‘निवासी’?

प्रश्न : माझी मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एम.एस. सर्जरीच्या पहिल्या वर्षाला आहे. घर हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर, पण दहा-दहा दिवस तोंड दिसत नाही. परवा आली ती पोळीचा तुकडा हातात धरून ताटावरच झोपली. ही पद्धत काढली तरी कुणी, असं विचारलं तर म्हणाली, ‘हाल्स्टेडने. आणि आई, तो स्वतः व्यसनी होता.’ हे खरं का? त्या माणसाच्या मनात होतं तरी काय?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ‘निवासी डॉक्टर’ हा शब्द आपण वर्तमानपत्रात संपाच्या बातमीत वाचतो, पण त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा : जो हॉस्पिटलातच राहतो तो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात सर्जरी विभागाचा प्रमुख विल्यम हाल्स्टेड याचे शिकाऊ सर्जन खरोखरच तिथे राहत. लग्न केलेलं चालत नसे, हाक आली की जायचं, आणि पगार नावापुरता.

हे हॉस्पिटल मे १८८९ मध्ये उघडलं. गंमत अशी की त्याला जोडून काढायचं मेडिकल कॉलेज तेव्हा नव्हतंच. जॉन्स हॉपकिन्स या व्यापाऱ्याच्या देणगीचा पैसा रेल्वेच्या शेअर्समध्ये अडकलेला, आणि रेल्वेने लाभांश बंद केला. अखेर मेरी गॅरेट या बाईंनी तीन लाखांहून जास्त डॉलर दिले, पण अट घातली : मुलींना मुलांच्या बरोबरीने, त्याच नियमांनी प्रवेश. कॉलेज १८९३ साली सुरू झालं. आपल्या आनंदीबाई जोशी सात वर्षं आधी, १८८६ साली, फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या खास बायकांसाठी असलेल्या कॉलेजातून. हा फरक मी मुद्दाम सांगते, कारण तुमची लेक आज सर्जरी शिकते त्यात त्या अटीचाही अंश आहे.

तर पहिली चार वर्षं सर्जरी विभाग आहे आणि विद्यार्थी नाहीत. शिकवायचं कुणाला? जे आधीच डॉक्टर झालेत त्यांना. माझ्या मते हाल्स्टेडची पद्धत या रिकाम्या जागेतच रुजली. नमुना त्याने पाहिला होता. १८७८ ते १८८० तो युरोपात होता, व्हिएन्नात नामवंत सर्जन बिलरोथच्या हाताखालचे मदतनीस वर्षानुवर्षं एकाच गुरूपाशी कसे घडतात ते त्याने पाहिलं. अमेरिकेत तेव्हा डिग्री हातात पडली की कुणीही सुरी उचलायचा.

बाल्टिमोरला त्याने उतरंड रचली. खाली इंटर्न, वर असिस्टंट, आणि सगळ्यात वर एकच रेसिडेंट, म्हणजे मुख्य निवासी डॉक्टर. १९०४ साली येल विद्यापीठातल्या भाषणात त्याने हिशेब दिला : असिस्टंट म्हणून साधारण सहा वर्षं, मग मुख्य म्हणून दोन. वर चढण्याची मुदत ठरलेली नाही, हमीही नाही. ३३ वर्षांत शेवटच्या पायरीवर पोचले जेमतेम १७ जण. बाकीचे अध्येमध्ये गळले किंवा दुसरीकडे गेले. तुमच्या मुलीला तीन वर्षांनी परीक्षा आहे आणि ती पास झाली की सुटका आहे. त्या मानाने बरंच.

आता व्यसनाचं. १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर करता येतो हे कळलं, आणि न्यूयॉर्कमध्ये हाल्स्टेड व त्याच्या साथीदारांनी मज्जातंतूत कोकेन टोचून अख्खा भाग बधिर करण्याचे प्रयोग सुरू केले, स्वतःवरच. दाताचा डॉक्टर तुमचा जबडा बधिर करतो ती युक्ती तिथलीच. पण तो स्वतः कोकेनच्या आहारी गेला. मित्र वेल्चने त्याला बाल्टिमोरला आणून प्रयोगशाळेत बसवलं. कोकेनची जागा पुढे मॉर्फिनने घेतली. त्याचा सहकारी ऑस्लर याने हे एका टिपणात लिहून ठेवलं होतं. ते उघड झालं १९६९ साली, हाल्स्टेड जाऊन ४७ वर्षं झाल्यावर.

काही जण म्हणतात, न झोपता राबायची ही रीत एका नशेबाजाने काढली, म्हणून ती अशी. मला हे पटत नाही. न्यूयॉर्कचा झपाट्याने ऑपरेशन करणारा तरुण बाल्टिमोरला आल्यावर अतिशय संथ झाला. बारीक रेशमी धागा, प्रत्येक रक्तवाहिनी वेगळी धरायची, मांस ओढायचं नाही. ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, तुमची लेक ‘मॉस्किटो’ मागत असेल, तो चिमटा त्याच्याच नावाचा. शिवाय तो महिनोन् महिने गावाबाहेर असे. तेव्हा विभाग कोण चालवी? वरचा रेसिडेंट. हार्वे कुशिंग, ज्याने पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शास्त्र उभं केलं, तो याच गैरहजेरीत हात साफ करून घेत होता.

हातमोज्यांची गोष्ट तिने सांगितलीच असेल. ऑपरेशनच्या मुख्य नर्स कॅरोलिन हॅम्पटन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकाने सोलवटले. हाल्स्टेडने १८८९-९० च्या हिवाळ्यात गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करून घेतले, आणि जूनमध्ये त्यांच्याशी लग्नही केलं. पण ते मोजे रोग्यासाठी नव्हतेच, हात वाचवायला होते. रोजच्या ऑपरेशनला मोजे घालायचा परिपाठ काही वर्षांनी त्याचाच शिष्य ब्लडगुड याने पाडला. आपण इतके आंधळे कसे राहिलो, याचं हाल्स्टेडला पुढे नवल वाटलं. गुरूच्या लक्षात आलं नाही ते शिष्याच्या आलं. ही पद्धत चालते ती अशी.

मी १९७४ मध्ये हाउसमन, म्हणजे सर्वांत खालची निवासी डॉक्टर, झाले तेव्हा आमच्या युनिटमध्ये मी एकटी मुलगी. झोपायला क्वार्टर नव्हती, मुलींसाठी म्हणून ड्रेसिंग रूमशेजारची गाद्यांची खोली. सहा महिने फक्त रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं अवजार, धरला. एका पहाटे अपेंडिक्सचा रोगी टेबलावर होता. आमचे रजिस्ट्रार, म्हणजे माझ्या वरचे डॉक्टर, हात धुऊन आले आणि समोर उभे राहण्याऐवजी माझ्या डाव्या हाताला उभे राहिले. ओटीतले मामा हसले. आज ऑपरेशन मी करायचं, हे मला कळायला क्षणभर लागलं. टाके घालून झाले तेव्हा सात वाजले होते. रजिस्ट्रारांनी पूर्ण वेळ एकदाच बोट लावलं, धमनी दाखवायला.

सलग ३६ तासांची ड्यूटी मात्र हाल्स्टेडच्या नावावर खपवू नका, ती माणसं कमी असल्याची आहे. त्याबद्दल तिने आणि तिच्या बरोबरच्यांनी जरूर भांडावं.

आणि पुन्हा ताटावर झोपली तर उठवू नका. हातातली पोळी तेवढी काढून घ्या.