पाइपलाइनचा गॅस थंडीत गोठतो का?

प्रश्न : आमच्या घरी यंदाच पाइपलाइनचा गॅस आला. पूर्वी पौषातल्या पहाटे सिलिंडर संपत आला की ज्योत मंदावायची. अमेरिकेत राहणारा पुतण्या सांगतो की, तिकडे कडाक्याच्या थंडीत गॅसच्या वाहिन्याच गोठल्या होत्या. तेव्हा थंडी पडण्यापूर्वी बाहेरच्या पाइपाला गोणपाट गुंडाळून घ्यावे काय?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : गोणपाटाची गरज नाही. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होताना तो सिलिंडरच्या पत्र्यातली उष्णता ओढून घेतो, आणि थंडीत तेवढी उष्णता मिळत नसल्यामुळे ज्योत मंदावते. पाइपातून मात्र प्रामुख्याने मिथेन येतो आणि तो आधीच वायुरूपात असतो. मिथेन गोठायला उणे १८२ अंशांच्या आसपास तापमान लागते. दाभोळला जहाजाने येणारा द्रवरूप वायू उणे १६२ अंशांना असतो, तरी तो गोठलेला नसतो. त्याची पुन्हा वाफ करून तो वाहिनीत सोडतात. दाभोळहून बेंगळुरूकडे जाणारी मोठी वाहिनी आपल्याच जिल्ह्यातून गेली आहे.

आपल्या पुतण्याचे म्हणणेही खरे आहे, परंतु तिथे गोठले ते पाणी. विहिरीतून निघणाऱ्या कच्च्या वायूत पाण्याचा अंश असतो, आणि दाब जास्त असला की पाणी व मिथेन मिळून बर्फासारखे घट्ट खडे तयार होतात. हे खडे शून्याच्या खालीच होतात असे नाही. वातावरणाच्या सत्तरपट दाबाखाली ते आठ-नऊ अंशांनाही होतात आणि वाहिनी तुंबवतात. शिवाय वायूचा दाब एकदम उतरवला की तो स्वतःच गार होतो, दर एका वातावरणाच्या दाबामागे साधारण अर्धा अंश. म्हणून दाब कमी करण्याच्या केंद्रांवर गरजेनुसार वायू आधी तापवून घेतात. थंड प्रदेशांत हिवाळ्यापूर्वी पाणी शोषून घेणाऱ्या ग्लायकॉल या द्रवाने वायू कोरडा करणे, खडे होऊ नयेत म्हणून विहिरींच्या वाहिन्यांत मिथेनॉल हे रसायन सोडणे, उघड्या झडपांना उष्णतारोधक आवरण घालणे ही कामे उरकावी लागतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात अशी तयारी अपुरी पडली. विहिरी गोठल्या, वीज गेल्यामुळे वायू दाबून पुढे ढकलणारे कॉम्प्रेसर थांबले, गॅस कमी पडल्यामुळे वीजकेंद्रे बंद पडली, आणि या दुष्टचक्रात दोनशेहून अधिक माणसे दगावली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत पहाटे पारा दहा अंशांपर्यंत उतरला, तरी घरच्या पाइपात हे घडत नाही, कारण येणारा वायू कोरडा केलेला असतो आणि त्याचा दाब अगदी कमी असतो. उलट गोणपाट पावसाने किंवा दवाने भिजून राहिले तर पाइप आतल्या आत गंजतो आणि तो गंज दिसतही नाही. बाहेरचा पाइप, मीटर आणि मुख्य कॉक उघडे व हाताशी राहू द्यावेत.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. थंडी पडली की आपण खिडक्या लावून घेतो आणि स्वयंपाकघरातला वरचा झरोका कागद कोंबून बुजवतो. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत साचतो, तर मिथेन हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे जातो, म्हणून तो झरोका कधीही बुजवू नये. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर धोका आणखी मोठा असतो, कारण बंद जागेत ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड साचतो. गळती कळावी म्हणून गॅसला वास दिलेला असतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि अंघोळ करणाऱ्याला कळण्याआधीच शुद्ध हरपते. तेव्हा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्यावा आणि हे काम थंडी सुरू होण्यापूर्वीच जाणकार मिस्त्रीकडून करून घ्यावे.